हॉलला तासाचे पैसे, नाचणाऱ्याला नाहीत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या रविवार पुरवणीत एका नृत्यनाट्यावर पानभर लेख आला. लेख मनापासून लिहिलेला होता, त्याबद्दल काही म्हणणं नाही. तक्रार आहे ती खालच्या चौकटीबद्दल. ‘घोटा सुजलेला, अंगात ताप, तरीही प्रयोग रंगला’ असा तिचा मथळा. दोन महिने रात्री उशिरापर्यंत तालमी चालल्याचंही तिथे कौतुकाने लिहिलं होतं. मी ती चौकट दोनदा वाचली. त्या दोन महिन्यांचे पैसे कुणाला किती मिळाले, याचा एखादा शब्द कुठे सापडतो का ते बघत होते. नव्हता. असं काही विचारायचं असतं हे लिहिणाऱ्याच्या लक्षात आलं नसेल. आमच्यासुद्धा येत नाही, म्हणून त्याला दोष देत नाही.

मी या धंद्यात एकतीस वर्षं आहे. हो, धंदाच म्हणते. आधी समूहात नाचले, मग नाटकांतून छोटी कामं केली, बरीच वर्षं बदली कलाकार होते आणि गेली नऊ वर्षं तालमी घेते. जुन्या संगीत नाटक मंडळ्यांत या माणसाला तालीम मास्तर म्हणत. आता जाहिरातीत नाव आलंच तर असोसिएट, असिस्टंट, मूव्हमेंट कोच असं काहीही येतं. काम तेच, दुसऱ्यांकडून घोटून घ्यायचं. तेव्हा पुढे जे लिहिते आहे त्यात मी फक्त फिर्यादी नाही. रात्री अकरा वाजता, सगळ्यांचे चेहरे उतरलेले दिसत असताना, ‘चला, शेवटचं एकदा’ हे वाक्य मी स्वतः कितीतरी वेळा म्हटलेलं आहे. आणि ते शेवटचं कधीच नसतं.

माझ्याकडे वह्या आहेत. दुसऱ्याच वर्षी एका वडीलधाऱ्या नर्तकीने सांगितलं होतं, ‘पाय दुखायला लागला की तो आधी कधी दुखला होता ते आठवत नाही. लिहून ठेवत जा.’ म्हणून लिहायला लागले. तारीख, किती वाजता पोचले, किती वाजता सुटले, काय केलं, काय दुखलं. शरीराची नोंद म्हणून सुरू केलेल्या या वह्या पुढे हिशेबाच्या वह्या झाल्या, ते मलाही फार उशिरा कळलं. एका निर्मितीचा हिशेब इथे देते. तालमी ४४ दिवस. ठरले होते रोजचे चार तास, प्रत्यक्षात सरासरी साडेपाच. म्हणजे २४२ तास. प्रयोग झाले १३. प्रत्येक प्रयोगाला तीन तास आधी हजेरी, अडीच तासांचा प्रयोग, नंतर पोशाख, दागिने, सामान मोजून देण्यात तास गेलेला. म्हणजे साडेसहा तासांप्रमाणे साडेचौऱ्याऐंशी. एकूण तीनशे साडेसव्वीस तास. पैसे मिळाले तेरा नाइटचे, प्रयोगागणिक ठरलेले, म्हणजे पडदा वर असतानाच्या साडेबत्तीस तासांचे. दहा तास काम केलं की एका तासाचे पैसे. नाइटचा आकडा ऐकायला बरा वाटतो; त्याला दहाने भागून बघितलं की हातात काय उरतं ते ज्याने त्याने बघावं. आणि ती निर्मिती चांगली चाललेली होती. पाच प्रयोगांत बंद पडलेल्यांचे हिशेब मी मांडत बसत नाही.

एका निर्मात्याशी मी याविषयी एकदा बोलले. माणूस वाईट नव्हता, पदरचे पैसे घालून नाटकं काढणारा होता. तो म्हणाला, ‘बाई, तिकीट प्रयोगाचं विकलं जातं, तालमीचं विकलं जात नाही. मी कुठून आणू?’ प्रश्न खरा आहे, उडवून लावण्यासारखा नाही. पण त्याच माणसाने सेट करणाऱ्या सुताराला करवत चालवल्याच्या दिवसांचे पैसे दिले होते. सुताराला कुणी म्हणालं नाही की तुझा दरवाजा रंगमंचावर अडीच तास दिसतो, तेवढ्याचे घे. शिंप्याला शिलाई मिळाली. आणि ज्या हॉलमध्ये आम्ही ४४ दिवस तालमी केल्या, तो हॉल तासावर भाड्याने घेतलेला होता. अकराच्या पुढे गेलं की जादा भाडं लागायचं. व्यवस्थापक घड्याळाकडे बघत दारात उभा राहायचा तो आम्ही दमलो म्हणून नव्हे. हॉलच्या चार भिंतींना तासाचे पैसे मिळत होते, आत नाचणाऱ्या अकरा जणांना नव्हते. पैसे नव्हते असं म्हणता येत नाही. ते कुणाला द्यावेच लागतात आणि कुणाला नाही दिले तरी चालतं, हे ठरलेलं होतं.

हे दुखणं आजचं नाही आणि कुठल्या एका भाषेचंही नाही. न्यू यॉर्कच्या ब्रॉडवेवर, म्हणजे तिथल्या व्यावसायिक रंगभूमीवर, शंभराहून जास्त वर्षांपूर्वी नटांच्या तालमींना ना मर्यादा होती ना मोबदला. आठवडेच्या आठवडे फुकट तालमी करायच्या, पोशाख बरेचदा पदरमोड करून शिवायचे, आणि दौऱ्यावर खेळ मध्येच बंद पडला तर घरी परतायची सोय आपली आपण बघायची. १९१३ साली तिथल्या नटांनी ॲक्टर्स इक्विटी ही संघटना काढली. बोलणी करून काही हाती लागेना, तेव्हा ७ ऑगस्ट १९१९ ला संध्याकाळी नट रंगमंचावर गेलेच नाहीत. संप महिनाभर चालला. एकेक करत नाटकगृहं अंधारत गेली. या सगळ्यात मला जवळच्या वाटतात त्या समूहातल्या मुली. संप चालू असतानाच त्यांनी स्वतःची वेगळी संघटना उभी केली आणि मारी ड्रेसलर या लोकप्रिय विनोदी अभिनेत्रीला अध्यक्ष केलं. मागच्या रांगेत नाचणाऱ्या, ज्यांची नावं जाहिरातीत कधीच नसायची, त्या मुली. ६ सप्टेंबरला निर्माते नमले. पण तालमीला प्रत्यक्ष पैसे मिळायला तिथेसुद्धा १९३०चं दशक उजाडावं लागलं. म्हणजे मागायला उभं राहिल्यापासून पदरात पडेपर्यंत पंधरा-एक वर्षं. हे मी धीर देण्यासाठी सांगते आहे की घाबरवण्यासाठी, माझं मलाच ठरवता येत नाही.

आपल्याकडे मधे एक शब्द आडवा येतो, तो म्हणजे मानधन. आधी मान आणि मग धन. पगार थकला तर माणूस मागतो, मजुरी थकली तर भांडतो. मानधन थकलं तर दोनदा फोन करायचीही लाज वाटते, कारण मागितलं की मान गेला. समोरच्यालाही ते बरोबर ठाऊक असतं. युनेस्कोच्या बेलग्रेडच्या बैठकीत २७ ऑक्टोबर १९८० ला कलाकाराच्या दर्जाविषयी एक शिफारस मंजूर झाली. तिच्यात म्हटलंय की कलाकाराची इच्छा असेल तर त्याला सांस्कृतिक काम करणारी व्यक्ती म्हणून मानावं आणि काम करणाऱ्याला जे कायदेशीर, सामाजिक आणि आर्थिक लाभ मिळतात ते त्याला मिळावेत. शिफारसच ती, कायदा नव्हे. पण मला त्यातला ‘काम करणारी’ हा शब्द फार आवडतो. मानाची शाल नंतर द्या. आधी काम केलं एवढं तरी लिहून द्या.

तालीम लांबली पाहिजे, घोटली पाहिजे, याबद्दल माझं काहीच दुमत नाही. मी स्वतः त्याच मताची आहे. घाईत उभं केलेलं काम मला लांबून ओळखू येतं. पण लांब तालमींचा आदर्श म्हणून आम्हाला ज्यांचं नाव सांगितलं जातं ते रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्स्की १८९८ साली सुरू झालेल्या मॉस्को आर्ट थिएटरमध्ये काम करत होते, आणि तिथले नट कायम मंडळीत पगारावर होते. महिनोन्महिने तालीम करा म्हणायची सोय त्यामुळे होती. आम्ही शिस्त मॉस्कोची घेतली आणि पगार तिथेच ठेवून आलो.

आता त्या सुजलेल्या घोट्याकडे येते, कारण खरं तर त्यासाठीच पत्र लिहायला बसले.

नाचण्यासाठी जी जमीन असते तिच्यात लाकडाच्या थराखाली पोकळी ठेवलेली असते, पट्ट्यांच्या खाली रबर किंवा फोमचे तुकडे असतात. उडी मारून खाली आलं की जमीन किंचित दबते आणि धक्का वाटून घेते. अशी जमीन नसेल तर तो धक्का पूर्ण पायाला, आणि उडीनंतर पायावर येणारा भार आपल्या वजनाच्या कितीतरी पट असतो. आता गंमत अशी की सिमेंट काँक्रीटवर नाचाचं व्हिनाइल, म्हणजे प्लॅस्टिकचं जाड अंथरूण, अंथरलं की वरून दोन्ही जमिनी सारख्याच दिसतात. डोळ्यांना फरक कळत नाही. मी अजूनही कुठल्याही नव्या हॉलमध्ये शिरले की आधी चप्पल काढून टाच आपटते. खाली पोकळी असेल तर ‘धप्’ असा भरीव, खोल आवाज येतो. काँक्रीट असेल तर आवाज जवळजवळ येतच नाही, तो टाचेतून वर गुडघ्यात जातो.

सत्ताविसाव्या वर्षी मी अशाच एका व्हिनाइलवर सात आठवडे नाचले. साधारण पाचव्या आठवड्यात उजव्या पायाच्या पंजात, दुसऱ्या बोटाच्या मागे, एका जागी दुखायला लागलं. एकाच जागी, एका बोटाच्या टोकाने दाखवता येईल असं. वहीत लिहिलंय: ‘उजवा पंजा, वरून दाबलं तर टाचणी.’ एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. मुका मार म्हणाले. पट्टी बांधून तालमी केल्या, नऊ प्रयोग केले. नवव्या प्रयोगात दुसऱ्या अंकाच्या शेवटी एक छोटीशी उडी होती, अवघड नव्हे, शाळेतल्या मुलीने मारावी अशी. खाली आले आणि पायातून एक आवाज आला. वाळकी काटकी मोडावी तसा. तबल्यात तो कुणाला ऐकू आला नाही, मला मात्र आला. पुढची चार मिनिटं मी त्या पायावर नाचले. नमस्काराला उभी राहिले. मग विंगेत बसले ती उठवेना.

हाडाला आधी नुसती तडा असते. सतत एकाच जागी ताण पडून पडते ती, आणि पहिल्या आठवड्यांत एक्स-रेत बरेचदा दिसतच नाही. नाचणाऱ्यांचं ते नेहमीचं दुखणं आहे, दुसऱ्या बोटामागचं हाड तर ठरलेलं. त्या वेळी दोन-तीन आठवडे थांबून पुन्हा तपासलं असतं तर सहा आठवड्यांत भागलं असतं. पण थांबले असते तर जागा गेली असती. तालमीला पैसे नाहीत, म्हणजे तालमीतल्या सुट्टीलाही पैसे नाहीत, म्हणजे सुट्टी मागणं हे नुसतं ‘मला नको हे काम’ असं सांगणं. हे गणित प्रत्येक मुलगी न शिकवता मांडते. मी चार महिने घरी बसले. फुलांचा गुच्छ आला होता. त्या प्रयोगानंतर आलेल्या एका परीक्षणात माझ्या ‘जिद्दी’विषयी ओळ होती, आपल्या चौकटीसारखीच. ती कात्रण करून ठेवायची मला लाज वाटली आणि फेकून द्यायचंही जमलं नाही.

मागच्या वर्षी माझ्याच तालमीत एक मुलगी दोन दोन मोजे चढवून आली. तशी गरज नव्हती. मी ओळखलं, कारण मीही तेच करायचे. मोजे जाड असले की सूज दिसत नाही. बाजूला घेऊन म्हटलं, मोजे काढ. म्हणाली, ‘ताई, प्लीज. बसले तर दुसरी घेतील.’ मी तिला बसवलं आणि दुसरी घेतली. नाटक उभं करायचं होतं. ती मुलगी अजून माझ्याशी बोलते, हा तिचा मोठेपणा.

पाय बरा झाल्यावर मला काम मिळालं ते बदलीचं. हे काम प्रेक्षकांना माहीतच नसतं. समूहात आठ जणी असतील तर आठांपैकी कुणीही आजारी पडली तर तिच्या जागी उभं राहायचं. म्हणजे एक भूमिका नव्हे, आठ पाठ करायच्या. पावलं सगळ्यांची सारखी असतात असं वाटतं, नसतात. डावीकडच्या चौघींचे हात उलटे, तिसरी ओढणी घेते, सहावी दिवा ठेवते, पाचवी आणि सातवी जागा बदलतात. मी आठ रंगांच्या पेन्सिलींनी आकृत्या काढल्या होत्या. एकदा प्रयोगाला अर्धा तास उरला असताना सांगितलं, आज तू तिसरी. तिसरीचे बूट मला अर्ध्या मापाने मोठे. पुढे कापूस कोंबला. प्रयोग झाला आणि कुणाच्याही काही लक्षात आलं नाही. बदलीचं काम उत्तम झालं की त्याची खूण हीच, कुणाला कळलं नाही. त्या निर्मितीच्या ११२ प्रयोगांना मी हजर होते, पोशाख घालून, केस बांधून. उभी राहिले ९ वेळा. पैसे नऊचे. उरलेल्या १०३ संध्याकाळी मी, त्यांच्या भाषेत, ‘अशीच आलेली’ होते. ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत संघटनेच्या कराराखाली असं काम करणाऱ्याला नुसतं तयार राहण्याबद्दल वेगळी जादा रक्कम मिळते, रंगमंचावर जावं लागो न लागो. ब्रिटिश रंगभूमीवरची आणखी एक पद्धत मला ऐकून माहीत होती, पुढे एका तिथल्या स्टेज मॅनेजरने समजावून सांगितली: ‘हाफ’ची, म्हणजे अर्ध्या तासाची हाक पडदा वर जायच्या पस्तीस मिनिटं आधी देतात, कारण नटांना पाच मिनिटं आधीच जागेवर उभं राहायचं असतं. किती बारीक मोजमाप! जिथे मिनिटं मोजतात तिथे तास हरवत नाहीत.

शिकण्याविषयी थोडं. नाचणारी व्यक्ती उभी राहायला आठ-दहा वर्षं लागतात आणि तो सगळा खर्च घरचा असतो. शिक्षण तिथे संपत नाही. शरीर रोज लावून ठेवावं लागतं, आवाज रोज लावावा लागतो. मोठ्या बॅले कंपन्यांत सकाळचा वर्ग कंपनीच भरवते, शिक्षक तिचा, जागा तिची. आमच्याकडे तो वर्ग ज्याने त्याने आपल्या खर्चाने आणि आपल्या वेळात करायचा, आणि संध्याकाळी तालमीला ताजंतवानं यायचं. ज्यांच्या घरी कुणीतरी दुसरं कमावतं त्यांना हे परवडतं. बाकीचे दोन-तीन वर्षांत गळतात. माझ्या हाताखालून गेलेल्यांत जे सगळ्यात चांगले होते ते आज रंगमंचावर दिसत नाहीत. जे टिकू शकत होते ते दिसतात. हे वाक्य लिहिताना मला बरं वाटत नाही, कारण टिकलेल्यांत मीही आहे आणि मी का टिकले ते मला माहीत आहे. नवऱ्याची नोकरी कायम होती.

वर्कशॉप हा आणखी एक शब्द. शिकणाऱ्याने फी भरून जायचं तेही वर्कशॉप आणि नाटक रचायला दहा जणांना महिनाभर फुकट राबवायचं तेही वर्कशॉप. दुसऱ्या प्रकारात नट आपल्या मनचं बोलतात, नाचणारे आपल्या शरीरातून हालचाली काढतात, आणि ते सगळं पुढे संहितेत नि नृत्यरचनेत कुणा दुसऱ्याच्या नावावर जमा होतं. ‘अ कोरस लाइन’ हे १९७५चं गाजलेलं संगीतनाट्य असंच नर्तकांनी रात्री जागवून सांगितलेल्या स्वतःच्या कहाण्यांवर उभं राहिलं. त्या कहाण्या त्यांनी प्रत्येकी एका डॉलरला लिहून दिल्या होत्या. पुढे त्यांना उत्पन्नातला छोटा वाटा देण्यात आला, हेही सांगायला हवं. २०१९ च्या सुरुवातीला त्याच ब्रॉडवेवर नाटक रचून घेणाऱ्या अशा वर्कशॉपांवर नटांच्या संघटनेने संप केला, आणि महिनाभरात निर्मात्यांनी, खर्च वसूल झाल्यानंतरच्या नफ्यातला एक टक्का त्या नटांत वाटायचं मान्य केलं. एक टक्का काही फार नाही. पण तो टक्का म्हणजे ‘हे तुम्ही घडवलंत’ असं कागदावर आलं.

फ्रान्सची गोष्ट वाचकांना ठाऊक असेल-नसेल. तिथे खंडित काम करणाऱ्या रंगकर्मींनी बारा महिन्यांत ५०७ तास काम केल्याचं दाखवलं की पुढच्या रिकाम्या दिवसांसाठी बेकारी भत्ता मिळतो. त्या ५०७ तासांत तालमीचे पगारी दिवसही येतात. तरी त्याच्यावरही तिथे सतत भांडणं चालू असतात. २००३ मध्ये अटी कडक केल्या तेव्हा कलाकारांच्या संपामुळे आविन्योंचा नाट्यमहोत्सव रद्द झाला होता. पॅरिसच्या ऑपेरातले बॅले नर्तक ४२व्या वर्षी निवृत्त होतात, त्यांची निवृत्तिवेतनाची व्यवस्था १६९८ सालापासूनची आहे. सरकार ती मोडायला निघालं तेव्हा २४ डिसेंबर २०१९ ला त्या मुली ऑपेराच्या पायऱ्यांवर, उघड्यावर, थंडीत ‘स्वान लेक’ नाचल्या. ते चित्र मी बराच वेळ बघत बसले होते. तेही फुकटच नाचणं, पण कशासाठी ते त्यांना माहीत होतं. हे सगळं आपल्याकडे उद्या येईल असं मी म्हणत नाही. तास मोजता येतात, एवढंच दाखवते आहे, कारण मला नेहमी सांगितलं जातं की कलेचे तास मोजता येत नाहीत.

हे पुढे आणखी महत्त्वाचं होणार आहे. अमेरिकेतल्या पडद्यावरच्या कलाकारांचा २०२३चा संप ११८ दिवस चालला, त्यातला एक मोठा मुद्दा संगणकाने केलेल्या प्रतिकृतीचा होता. शेवटी करारात आलं की कामावर असलेल्या कलाकाराची प्रतिकृती करून वापरायची तर त्याची संमती लागेल, आणि तो स्वतः आला असता तर जितके दिवस लागले असते तितक्या दिवसांचे पैसे द्यावे लागतील. बघा, तिथेही शेवटी दिवसच मोजले. ज्यांचे दिवस आधीपासून लिहिलेले नाहीत त्यांनी काय मोजायचं?

माझ्या वर्गातल्या मुलांना मी वर्षाच्या शेवटी एक तास करार वाचायला शिकवते. मागच्या खेपेला एकाने विचारलं, ‘ताई, करार म्हणजे तो व्हॉट्सॲपवर मेसेज येतो तोच ना?’ सगळे हसले, मी हसले नाही, कारण मला स्वतःला कित्येक वर्षं तेवढंच मिळत होतं. ‘तारखा ब्लॉक कर’ एवढंच. ब्लॉक केलेल्या तारखांना दुसरं काम घ्यायचं नाही, आणि आदल्या दिवशी ‘कॅन्सल झालं गं’ आलं की हसून ‘काही हरकत नाही’ असं लिहायचं. मी त्यांना सांगते की मेसेज तर मेसेज, पण उत्तरात चार गोष्टी विचारा. तालमी किती दिवस आणि किती तास, त्याचे काय मिळणार, तारीख रद्द झाली तर काय, आणि तालमीत लागलं तर दवाखाना कुणाचा. मुलं लिहून घेतात. विचारतात मात्र फार थोडी. ज्या दोघांनी विचारलं त्यांपैकी एकाला उत्तर आलं आणि तालमीचे थोडे पैसेही मिळाले. दुसऱ्याला उत्तर आलं नाही, कामही आलं नाही. दोन्ही सांगते मी वर्गात.

आपल्याकडे मागणं एवढंच आहे. आपला वार्ताहर तालमीला येतो, छायाचित्रं काढतो, दिग्दर्शकाशी बोलतो. पुढच्या वेळी त्याने एक साधा प्रश्न विचारावा: या तालमींचे पैसे मिळतात का? उत्तर ‘हो’ असेल तर निर्मात्याचं नाव मोठ्या अक्षरांत छापा, असे निर्माते आहेत, मी त्यांच्याबरोबर काम केलं आहे, आणि त्यांचं कौतुक कुणी करत नाही. उत्तर ‘नाही’ असेल तर तेही एका ओळीत येऊ द्या, परीक्षणाच्या खाली, जिथे वेशभूषा नि नेपथ्य कुणाचं ते लिहिता तिथे. आणि सुजलेल्या घोट्याने कुणी प्रयोग केला असं कळलं तर ‘जिद्द’ लिहिण्याआधी जमीन कसली होती ते बघून यावं. टाच आपटून कळतं.

माझ्या वह्यांतली पानं नावं झाकून पाठवायला मी तयार आहे. या पत्राखाली मात्र माझं नाव छापू नये ही विनंती. पंधरा तारखेपासून नव्या तालमी आहेत.

आपली नियमित वाचक,
एक तालीम मास्तर